मेथी, धने आणि नत्र

घर बंगळूरच्या जे. पी. नगरातले असो वा पुण्यातले, मराठी मिसळणाच्या डब्यात मेथी आणि धने शेजारी नांदतात. शेतात मात्र दोघांची रीत निराळी. मेथीच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्म जंतू तिला हवेतील नत्र मिळवून देतात. धन्यांना ते जमिनीतूनच घ्यावे लागते. गाठींचे हे रहस्य १८८६ ते १८८८ या काळात जर्मनीत हेलरीगेल व विल्फार्थ यांनी उलगडले. आपला शेतकरी द्विदल पिकांचा बेवड त्याआधीच ओळखून होता.

१९०९ साली हाबर यांनी हवेतील नत्रापासून अमोनिया सिद्ध केला. पुढे १९५१ मध्ये सिंद्रीचा आणि १९६५ मध्ये मुंबईत ट्रॉम्बेचा कारखाना सुरू झाला, आणि नत्र गोणीतून बांधावर आले. धने पिकविणाऱ्यास त्याने हात दिला, पण मापाच्या अटीवर. माप चुकले की झाड पानांत माजते, फुलोरा लांबतो, मावा पडतो आणि दाणा उणावतो. कोथिंबिरीच्या जुडीला जे मानवते, ते धन्यांच्या राशीला मानवत नाही.

म्हणून गोणी उघडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : मागचे पीक कोणते होते, आणि आपल्याला पान हवे की दाणा?