चिलखती मोटारींच्या प्रतिकृती

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव निजामी अमदानीत मोमिनाबाद या नावाने ओळखले जाई, आणि त्या नावाबरोबर घोडदळाच्या छावणीची आठवण येई. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे स्वार तेथे राहत. १९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्याच रिसाल्यांतून पुढे डेक्कन हॉर्स हे पथक नावारूपास आले. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर, हाय वुड नामक रानाजवळ, या पथकाचे स्वार भाले रोखून चालून गेले. आणि कालांतराने याच पथकाने घोडे सोडून रणगाडे हाती घेतले. घोडा आणि रणगाडा यांच्यामधली पायरी म्हणजे चिलखती मोटार. ती पायरी फार थोडी वर्षे टिकली. म्हणूनच की काय, तिच्या लहान प्रतिकृती घडविण्याचा छंद आजही अनेकांना जडलेला आहे.

या वाहनाचा जन्म रणांगणावर झाला नाही, प्रदर्शनात झाला. १९०२ साली फ्रेडरिक सिम्स या गृहस्थाने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये आपली युद्धमोटार लोकांपुढे मांडली. सेनापतींनी कौतुक केले आणि मोटार विकत घेतली नाही. ऑस्ट्रियात काही वर्षांनी अशीच एक मोटार बादशहापुढे चालवून दाखविली असता तिच्या धडधडाटाने घोडे बुजले आणि बादशहाची मर्जी खप्पा झाली, असे सांगतात. १९१४ साली महायुद्ध पेटल्यावर मात्र चित्र पालटले. बेल्जम आणि उत्तर फ्रान्समध्ये ब्रिटिश आरमाराच्या विमानदळाने साध्या मोटारींवर पत्रे ठोकून गस्त आरंभिली, आणि वर्ष संपते न संपते तोच रोल्स-रॉइस कंपनीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटारीचा सांगाडा या कामी घेतला गेला. धनिकांच्या विलासासाठी घडलेली मोटार अशी रणात उतरली. आष्टी तालुक्याची शीव ओलांडली की जो नगर जिल्हा लागतो, त्याच्या मुख्य शहरी फेब्रुवारी १९९४ मध्ये उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात या जातीची एक चिलखती मोटार उभी आहे. नगरास आता अहिल्यानगर म्हणतात. बीडकडील ज्या कोणास प्रतिकृती करावयाची असेल, त्याला मूळ वस्तू पाहण्यासाठी विलायतेस जाण्याचे प्रयोजन नाही.

प्रतिकृतीचे प्रमाण बहुधा पस्तिसास एक असे असते. या चमत्कारिक आकड्यामागे कोणतेही गणिती सौंदर्य नाही. जपानातील तामिया कंपनीने १९६०च्या सुमारास एक खेळण्यातील रणगाडा केला, त्याच्या पोटात विजेच्या बॅटऱ्या मावाव्यात म्हणून हे माप निघाले, आणि मग सर्व जगाने ते मुकाट्याने उचलले. मूळ रोल्स-रॉइस मोटार सुमारे ४.९ मीटर लांब, १.९ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच. पस्तिसाने भागिले म्हणजे १४ सेंटिमीटर लांबीचे, तळहातावर राहील असे बाहुले होते. मूळ वजन पावणेपाच टनांच्या आतबाहेर. त्याच हिशेबाने बाहुल्याचे वजन जेमतेम नवटाक भरावे.

हा हिशेब चिलखताला लावला म्हणजे खरी मौज, आणि खरे दुःखही, ध्यानात येते. मूळ पोलादी पत्रा जाडीला जास्तीत जास्त १२ मिलिमीटर होता. प्रतिकृतीत तो मिलिमीटरचा एक-तृतीयांश भरतो. म्हणजे साधे पोस्टकार्ड! बाजारात मिळणाऱ्या संचातील प्लास्टिकचे तुकडे सुमारे मिलिमीटरभर जाड असतात. मूळ मापात ते ३५ मिलिमीटरचे पोलाद झाले, आणि तेवढा भार त्या सांगाड्याला पेलवलाच नसता. म्हणून जाणता कारागीर दारांच्या आणि झडपांच्या कडा मागून तासून पातळ करतो, किंवा ते भाग टाकून देऊन पातळ पत्र्यातून नवे कापतो, आणि रिवेटांचे उंचवटे सुईच्या बोथट टोकाने मागल्या बाजूने दाबून उठवितो. हे काम कंटाळवाणे आहे. परंतु ते केल्यावाचून मोटारीतील तीन माणसे कशाच्या आडोशाने बसली होती, हे कळत नाही. बंदुकीची गोळी अडावी, तोफेचा गोळा आला तर ईश्वर राखो, इतकेच ते संरक्षण होते.

पुढच्या बाजूस रेडिएटरवर पोलादी दारे असत. ती मिटली म्हणजे यंत्र गोळीपासून सुरक्षित राही, पण तापू लागे. उघडली म्हणजे यंत्र थंड राही, पण उघडे पडे. चालकाला हा निर्णय आतल्या आत घ्यावा लागे. प्रतिकृती करणाऱ्यालाही तो घ्यावा लागतो. दारे मिटली तर मोटार चकमकीत आहे. उघडी ठेविली तर ती रस्त्याने चालली आहे. पुष्कळ जण दारे उघडी ठेवून बुरुजातील तोफची मात्र डोळा लावून बसलेला दाखवितात. हा विसंगतपणा होय. तशीच दुसरी चूक चाकांची. १९१४च्या नमुन्याला तारांच्या आऱ्यांची चाके होती, १९२०च्या नमुन्याला भरीव तबकड्यांची. बुरूज एका नमुन्याचा आणि चाके दुसऱ्याची, अशी प्रतिकृती कितीही सफाईदार रंगविली तरी ती कोणत्याच मोटारीची राहत नाही.

हिंदुस्थानासाठी पहिल्या महायुद्धानंतर निराळे नमुने निघाले. त्यांचा बुरूज घुमटाकार असे, त्यात चार ठिकाणी मशिनगन बसविण्याची सोय असे. क्रॉसली कंपनीच्या सांगाड्यावरील मोटारींना तर आतून ॲस्बेस्टॉसचे अस्तर होते, उन्हाने तापलेल्या पोलादाची धग आत येऊ नये म्हणून. बाहेरच्या पत्र्यात विजेचा प्रवाह सोडण्याचीही व्यवस्था होती. हात लावील त्याला झटका! वायव्य सरहद्दीवर अशा मोटारी गस्त घालीत. सपाट पत्र्यातून घुमट उठविणे जिकिरीचे असते. कळीच्या पाकळ्यांप्रमाणे पत्रा कापून, जोडून, मग सांधे घासून काढावे लागतात. त्यापेक्षा जुन्या लाकडी करंड्याचे गोल झाकण मापात बसले तर अर्धे काम आपोआप होते.

रंगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. जुनी छायाचित्रे काळीपांढरी, आणि त्या काळच्या काचांपैकी पुष्कळशा तांबड्या रंगाला आंधळ्या असत. त्यांत तांबडे काळे दिसे आणि निळे फिकट. चित्रातील छटेवरून रंग ठरविणारा त्यामुळे फसतो. १९१४च्या आरमारी मोटारी करड्या होत्या हे लेखी माहितीवरून कळते, डोळ्यांवरून नव्हे. शिवाय मूळ रंग जसाच्या तसा लहान वस्तूवर दिला तर तो गडद भासतो. दुरून पाहिलेल्या वस्तूवर हवेचा पडदा असतो, तो रंगात थोडा पांढरा मिसळून निर्माण करावा लागतो.

आणि मग धूळ. येथे विलायती पुस्तकांतून शिकलेला हात हमखास वाळवंटाचा पिवळा रंग उचलतो. बालाघाटाच्या माथ्यावर मुरमाड जमीन, खालच्या खोऱ्यांत काळी. वाळली म्हणजे ती राखी पडते आणि भेगाळते, भिजली म्हणजे काळीभोर होऊन चाकाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते. खरीच माती वापरावयाची तर ती मलमलीतून दोनदा गाळून घ्यावी, कारण मिलिमीटरचा एक कण म्हणजे त्या मापात साडेतीन सेंटिमीटरचा खडा होतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये हा चिखल प्रत्यक्ष परीक्षेस आला. हैदराबादवरील कारवाई १३ तारखेस सुरू झाली. जालना आणि लातूर घेऊन भारतीय सैन्याची एक तुकडी मोमिनाबादेस पोहोचली. तेथील तिसऱ्या गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार करून शस्त्रे खाली ठेविली. भाल्यांचे नाव मिरविणाऱ्या दळाचा जुन्या घोडदळी छावणीतला हा शेवट प्रतिकृतिकाराला मोह घालील असाच आहे. मात्र त्या देखाव्यात रोल्स-रॉइस उभी करणे असत्य होईल. तोवर तिचे दिवस सरले होते आणि चारही चाकांना गती देणाऱ्या मोटारी आल्या होत्या. जुन्या मोटारीची केवळ मागची चाके फिरत; भादव्यातील काळ्या रानात ती पक्की सडक सोडून हातभरही गेली नसती.

शिवाय त्या देखाव्यात माणसे कोणती ठेवावयाची, हा प्रश्न उरतोच. त्या कारवाईच्या आधी रझाकारांनी गावोगाव अत्याचार केले होते. कारवाईनंतर जे सूड उगविले गेले, त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. तिच्या अहवालात, ज्या जिल्ह्यांत मुसलमान रहिवाशांचे प्राण गेले त्यांमध्ये बीडचेही नाव आहे. तो अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून होता. तळहातावर मावणाऱ्या मोटारीभोवती हसरे शिपाई आणि हार घेतलेले गावकरी मांडणे सोपे असते. प्रतिकृतीच्या दुकानांत तशा आकृत्या तयार मिळतात. ज्याला मोमिनाबादचा तो दिवस मांडावयाचा आहे, त्याने निदान रस्त्याकडेच्या घरांपैकी काहींची दारे मिटलेली दाखवावीत, आणि चाकांवरचा चिखल ओला ठेवावा. त्यासाठी गाळलेल्या काळ्या मातीत डिंकाचे पाणी आणि वार्निशाचे दोन थेंब पुरतात.