रात्रीच्या ट्रेनचा तो फोटो एआयचा नाही, मग खरा आहे का?

उघड्यावरचं थिएटर, रांगेत लावलेल्या मोटारी. टप उघडी असलेल्या एका गाडीत एक जोडपं सिनेमा बघत बसलंय. पडद्यावर लढाऊ विमान आणि त्याच्या शेजारून, काळ्याकुट्ट रात्रीत, पांढरा धूर सोडत जाणारं वाफेचं इंजिन.

हा ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुमच्या फीडमध्ये कधीतरी येऊन गेला असेल. आज तो पहिल्यांदा पाहिला तर एआयचीच शंका येते. पण फोटो २ ऑगस्ट १९५६ चा आहे. ठिकाण अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामधलं येगर, फोटोग्राफर ओ. विन्स्टन लिंक आणि नाव 'हॉटशॉट ईस्टबाउंड'.

हा फोटो काढला कसा?

लिंक शिकला सिव्हिल इंजिनीअरिंग, पोट भरायचा जाहिरातींच्या फोटोंवर. जानेवारी १९५५ मध्ये तो एका कामासाठी व्हर्जिनियात गेला आणि तिथे त्याला नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे भेटली. ही कंपनी अ‍ॅपलाचियन डोंगरांतला कोळसा वाहायची, तोच जाळून गाड्या चालवायची आणि रोनोक शहरातल्या स्वतःच्या कारखान्यात इंजिनं बांधायची. बाकी अमेरिका डिझेलकडे वळत असताना हिच्याकडे अजून वाफ होती, पण थोड्याच दिवसांची. कंपनीने लिंकला परवानगी दिली. खर्च मात्र त्याचा स्वतःचा.

रात्रच का? सूर्य हलवता येत नाही, रूळही हलवता येत नाहीत. अंधारात मात्र प्रकाश कुठून पडावा हे फोटोग्राफर ठरवू शकतो. येगरच्या त्या फोटोसाठी त्याने ४३ फ्लॅश बल्ब वायरींनी जोडून एकाच क्षणी उडवले. बल्ब एकदाच चालणारे, म्हणजे गाडी पुढे गेली की दुसरी संधी नाही.

आता गंमत. एवढ्या उजेडात थिएटरचा पडदा पांढराफटक पडला. त्यावरचं विमान लिंकने नंतर दुसऱ्या निगेटिव्हवरून डार्करूममध्ये बसवलं. जोडपं त्याने मुद्दाम बसवलेलं आणि गाडीही त्याचीच. इंजिन, जागा आणि वेळ मात्र खरी. माझ्या मते याला खोटा फोटो म्हणणं चूक आहे, पण 'सहज टिपलेला क्षण' म्हणून शेअर करणंही चूकच.

पुस्तक यायला तीस वर्षं

त्याआधीच्या रेल्वे पुस्तकांत हिरो म्हणजे गाडी. लुशियस बीबीचं १९३८ मधलं 'हाय आयर्न' गाजलं, त्यातही ऐटीत धावणारी गाडीच दिसते. लिंकने गाडीला शेजारी केलं. ओढ्यात डुंबणारी पोरं, पेट्रोल पंपावरची माणसं, घरातली बैठकीची खोली आणि मागून जाणारी ट्रेन.

मे १९६० मध्ये नॉरफोक अँड वेस्टर्नची वाफ थांबली. लिंककडे साधारण २,४०० निगेटिव्ह जमल्या होत्या. त्यांची मोठी प्रदर्शनं १९८३ मध्ये भरली, 'स्टीम, स्टील अँड स्टार्स' हे पुस्तक १९८७ मध्ये आलं आणि 'द लास्ट स्टीम रेलरोड इन अमेरिका' १९९५ मध्ये. दुसऱ्याचा मजकूर थॉमस गार्व्हरचा. हाच गार्व्हर तरुणपणी वायरी ओढायला लिंकसोबत असायचा.

ही पुस्तकं पाहताना जीव हळहळतो, आणि तिथेच सावध राहायला हवं. वाफेच्या इंजिनाला राख काढणारे, पाणी भरणारे, दुरुस्ती करणारे असे बरेच हात लागायचे. डिझेल आल्यावर त्यातली बरीच कामं संपली. लिंकच्या देखण्या रात्रींमध्ये ही गोष्ट फारशी दिसत नाही.

म्हणून सोबत जॅक डेलानो पाहाच. महायुद्धाच्या काळात, १९४२-४३ मध्ये, सरकारने त्याला रेल्वेचे फोटो काढायला पाठवलं होतं. त्यातले बरेच रंगीत आहेत. शिकागोची यार्डं, बर्फ आणि आयोवातल्या क्लिंटनमध्ये इंजिनं पुसणाऱ्या बायका, जेवणाच्या सुट्टीत डोक्याला रुमाल बांधून बसलेल्या. 'रेलरोडर्स' हे २०१४ चं पुस्तक याच कामावर आहे.

पुस्तक महाग वाटलं तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वेबसाइटवर डेलानोचं नाव टाका. मूळ फोटो मोठ्या आकारात फुकट उतरवता येतात, आणि कित्येक फोटोंखाली त्या कामगाराचं नाव आणि कामही लिहिलेलं सापडतं.