पक्ष्याच्या पायाची चिठ्ठी

पनवेल तालुक्यातील शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. गावापासून थोड्याच अंतरावर कर्नाळ्याचा सुळका आहे, आणि त्याच्या पायथ्याशी 1968 साली घोषित झालेले पक्षी अभयारण्य. पण झाडीतला पक्षी क्षणभर दिसतो आणि उडून जातो. त्याला निवांत न्याहाळायचे तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील निसर्गविभाग गाठावा. शाळा आणि पालक मिळून अशा ठिकाणी एखादा कुटुंब-दिवस आखतात, तेव्हा मुले चित्रे रंगवतात, मुखवटे करतात. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट शिकवता येते. ती म्हणजे चिठ्ठी वाचणे.

संग्रहालयात काचेआड मांडलेले प्राणी थोडे असतात. अभ्यासाचे नमुने बहुधा कपाटांच्या खणांत ठेवलेले असतात. 1908 साली मुंबईत एका मुलाने छर्‍याच्या बंदुकीने पिवळ्या कंठाची चिमणी टिपली. ती ओळखून घेण्यासाठी तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. 1883 साली आठ जणांनी स्थापन केलेल्या या संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांनी त्याला खण उघडून एकेक पक्षी दाखवला. तो मुलगा म्हणजे पुढे पक्षितज्ज्ञ झालेले सलीम अली.

या खणांतल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी आणि कोणी मिळवला, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. ही चिठ्ठी हरवली तर उरते ते पेंढा भरलेले कातडे. आणि ती खोटी असेल तर काय होते, हे आपल्या महाराष्ट्रातल्याच एका पक्ष्याच्या इतिहासात दिसते.

रानपिंगळा हे लहान घुबड. 1873 साली ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे खानदेशात नोकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने मिळवले. 1884 नंतर मात्र हा पक्षी जणू नाहीसा झाला. अपवाद एकच होता. रिचर्ड माइनर्टझागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील एका नमुन्यावर 1914 साल आणि गुजरातेतील मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते.

अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी लंडनच्या संग्रहातील या गृहस्थाचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतले पुष्कळ चोरीचे निघाले. त्यांवर नवी चिठ्ठी लावलेली होती. रानपिंगळ्याचा नमुना उसवून पुन्हा भरलेला होता, तरी मूळ कारागिरीच्या खुणा पुरत्या पुसल्या गेल्या नव्हत्या. त्या डेव्हिडसन यांच्या हातच्या होत्या. म्हणजे मांडवीची नोंद बनावट होती. रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बाजूला ठेवली आणि जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणांचा माग काढला. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. मधे 113 वर्षे लोटली होती! त्यानंतर मेळघाटात आणि 2014 साली मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही तो आढळला.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी गाव आणि तारीख नीट लिहून ठेवली होती, म्हणून हा शोध लागला. खोट्या चिठ्ठीवर विसंबणाऱ्याने मात्र भलतेच रान धुंडाळले असते.

म्हणून कुटुंब-दिवशी प्रत्येक घराला एक कोरे कार्ड द्यावे. काचेआडच्या एखाद्या पक्ष्याची पाटी मुलांनी मोठ्याने वाचावी आणि तिच्यावर काय आहे, काय नाही, हे आजी-आजोबांना सांगावे. पुढच्या रविवारी तेच कार्ड घेऊन कर्नाळ्यात जावे. तेथे दिसलेल्या पक्ष्याची जागा, तारीख, वेळ आणि पाहणाऱ्याचे नाव कार्डावर लिहावे. नाव ओळखता आले नाही तर 'ओळखला नाही' असेच लिहावे. अंदाजाने नाव ठोकून देऊ नये. पडलेले पीससुद्धा उचलून आणू नये, त्याचे चित्र काढावे. ही कार्डे शाळेत जपून ठेवली, तर आणखी पन्नास वर्षांनी शिरढोणच्या परिसरात कोणते पक्षी होते, हे कोणाला तरी खात्रीने सांगता येईल.