धातु आणि मज्जातंतु

इटलींतील बोलोन्या येथील शरीरशास्त्रज्ञ गॅल्व्हानी यानें बेडकाच्या पायांवरील आपले प्रयोग १७९१ सालीं प्रसिद्ध केले. मज्जातंतूस व स्नायूस निरनिराळ्या धातूंचीं टोंकें लावून तीं जोडतांच मेलेल्या बेडकाचा पाय उडे. गॅल्व्हानीनें याचें श्रेय प्राणिशरीरांतील विद्युतेस दिलें. व्होल्टानें तें धातूंस दिलें व १८०० सालीं आपली घटमाला रचली. हा वाद सर्वश्रुत आहे. परंतु धातु व देह यांची जेथें गांठ पडते तेथें काय घडतें, हा त्याच्या पोटांत दडलेला प्रश्न पुढें दोन शतकें शास्त्रज्ञांस पुरून उरला.

तारेंतून वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांच्या रूपानें. देहांतील खारट द्रवांतून ती वाहते आयनांच्या रूपानें. देहास टेकणारें धातूचें टोंक, म्हणजे विद्युदग्र, हें दोन राज्यांच्या सरहद्दीवर नाणीं मोडून देणाऱ्या सराफासारखें होय. सराफ खोटा निघाला कीं दोन्ही राज्यांचा व्यवहार बुडाला!

बर्लिनच्या द्यु ब्वा-रेमाँ यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हें ओळखलें. उघडा धातु ओल्या स्नायूस लावला तर संधिस्थानीं निराळाच विद्युद्दाब उत्पन्न होऊन देहाचा क्षीण संदेश विकृत होतो. म्हणून त्यानें जस्त त्याच्याच सल्फेटच्या द्रावणांत बुडविलें आणि मिठाच्या पाण्यांत कालविलेल्या चिकणमातीच्या द्वारें स्नायूस स्पर्श केला. पुढें या कामीं रुप्यावर सिल्व्हर क्लोराइडचा थर देण्याची रीति रूढ झाली; हृदयाचा विद्युदालेख काढतांना छातीस चिकटविल्या जाणाऱ्या चकत्यांत आजही तीच योजना असते.

मात्र देहाचें ऐकणें निराळें व देहाशीं बोलणें निराळें. ऐकण्यास उत्तम असणारें रुपें देहांत कायमचें ठेवल्यास भोंवतालच्या पेशींस विषासमान ठरतें. शिवाय मज्जातंतूस चेतविण्यासाठीं दिलेला प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर पाण्याचें पृथक्करण होऊन आम्ल व अल्क उत्पन्न होतात आणि धातुही झिजतो. अमेरिकेंत लिली व त्याचे सहकारी यांनीं १९५५ सालीं माकडांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, एका दिशेनें दिलेली वीज क्षणार्धांत उलट दिशेनें तितकीच परत घेतली, तर मेंदूस होणारी इजा टाळतां येते. प्लॅटिनम व त्याचा इरिडियमशीं केलेला मिश्रधातु यांना ही शिस्त मानवली. त्यानंतर इरिडियम ऑक्साइड, टायटॅनियम नायट्राइड व वीज वाहणारे पॉलिमर यांचे खडबडीत, सच्छिद्र लेप आले. टोंकाचा आकार तोच, पण देवघेवीचा पृष्ठभाग कितीतरी पट मोठा!

तरीही देह परक्या वस्तूभोंवतीं व्रणाचें आवरण विणतोच, आणि कठीण धातु मऊ मेंदूस बोचतोच. बहिऱ्या बालकाच्या अंतःकर्णांत बसविलेल्या प्लॅटिनमच्या टोंकांनीं त्यास उभ्या आयुष्याची सोबत करावयाची असते. तेथें प्रयोगशाळेंतील एका दिवसाचें यश पुरेसें नाहीं. गॅल्व्हानीस व व्होल्टास आपापला पक्ष जिंकावयाचा होता. त्यांच्या वारसांस दोन्ही पक्षांचा संसार टिकवावयाचा आहे.