मशेरी आणि दंतवैद्य

दंतवैद्याने तंबाखू सोडवावी, हे आज ऐकायला सरळ वाटते. महाराष्ट्रात ते तितके सरळ का नव्हते, याचे कारण मला चुलीवरच्या तव्यात सापडते. तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तिची बारीक पूड करायची आणि बोटाने दातांना लावायची, ही मशेरी. लावणारी बाई स्वतःला व्यसनी समजत नाही, ती दात घासत असते. ते ‘घासणे’ दिवसातून तीन-चार वेळा का होते, हे मात्र घरात कुणी विचारत नाही.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाने, डॉ. फली मेहता यांच्या पुढाकाराने, पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन तोंडे तपासली. १९७२ साली छापलेल्या त्या पाहणीत १,०१,७६१ ग्रामस्थ आहेत. डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग हे तिचे एक सहलेखक. पण इथवर दंतवैद्य फक्त पाहत आणि मोजत होता.

तो बोलू लागला पुढच्या कामात. एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर या जिल्ह्यांत सुमारे ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांची दरवर्षी तपासणी झाली, आणि जोडीला सोडण्याचा सल्लाही दिला गेला. (श्रीकाकुलमकडे चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढतात!) पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. ज्यांनी तंबाखू सोडली, त्यांच्या तोंडात पांढरे चट्टे कमी उमटले. भारतीय दंतवैद्यकाला मी खरे वळण मानतो ते इथे. हृदयरोगतज्ज्ञाला रोग्याची धमनी त्याला दाखवता येत नाही. दंतवैद्य हातात आरसा देऊन चट्टा दाखवू शकतो.

१९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी आणली. घरच्या तव्यापर्यंत ती कशी पोचणार? २००२पासून तंबाखूमुक्ती केंद्रे निघाली. २०१८ साली दंतमहाविद्यालयांत अशी केंद्रे उभारण्याची मार्गदर्शक तत्त्वे आली. शिकाऊ दंतवैद्याला आता प्रत्येक रोग्याला विचारायला, सल्ला द्यायला, त्याची तयारी जोखायला, मदत करायला आणि पुन्हा बोलवायला शिकवतात.

यातली पहिलीच पायरी मला अवघड वाटते. “तंबाखू खाता का?” याला मशेरी लावणारी बाई “नाही” म्हणेल, आणि तिच्या दृष्टीने ते खरेच असेल. तिला विचारायला हवे, “मावशी, दात कशाने घासता?”