झाडपाल्याचे साइड इफेक्ट

ठोके अनियमित पडतात म्हणून गोळ्या चालू झालेल्या माणसाला सल्ला देणारे घरोघरी भेटतात, आणि त्या सल्ल्याचा मथितार्थ बहुधा एकच असतो. डॉक्टरी गोळी म्हणजे केमिकल. ती एक दुखणं दाबते आणि दोन नवी उभी करते. थायरॉइड बिघडतो, फुप्फुसं खराब होतात, माणूस दिवसभर मरगळून पडतो. झाडपाल्याचं तसं नाही. गुण आला तर आला, अपाय तरी काही नाही. तेव्हा गोळ्या हळूहळू कमी करा आणि अर्जुनसादड्याची साल दुधात उकळून घ्या.

हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते निवृत्त प्राध्यापक म्हणतात, बँकेतले अधिकारी म्हणतात, आणि त्याला अनुभवाचा आधारही आहे. अमियोडेरोन ही ठोके ताळ्यावर आणणारी बलदंड गोळी. तिच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद नेटाने शेवटपर्यंत वाचलेल्या माणसाची झोप उडाली तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही. थायरॉइड, यकृत, फुप्फुसं, डोळे, त्वचा. त्या कागदावर शरीराचे फार थोडे अवयव सुटतात. आणि त्यात लिहिलेलं खोटं नाही. म्हणजे सल्ल्याचा पहिला अर्धा भाग बराचसा खराच आहे. माझा वाद दुसऱ्या अर्ध्याशी आहे: झाडाचं ते निर्धोक आणि कारखान्याचं ते घातक, या वाटणीशी.

गंमत अशी, की ज्या गोळ्यांवर हा आरोप सर्वांत मोठ्याने होतो, त्यांतल्या कितीतरी मुळात झाडपाल्यातूनच आलेल्या आहेत.

डिजॉक्सिन घ्या. इंग्लंडमध्ये श्रॉपशायरच्या एका म्हातारीकडे अंगावर सूज चढलेल्या रोग्यांसाठी एक घरगुती, गुप्त काढा होता. वीसेक वनस्पतींचा. १७७५ मध्ये विल्यम विदरिंग या डॉक्टरला त्याबद्दल मत विचारलं गेलं, आणि त्याने ओळखलं की त्यातली काम करणारी वनस्पती एकच, फॉक्सग्लोव्ह, म्हणजे डिजिटॅलिस. पुढची दहा वर्षं त्याने ती रोग्यांना देऊन पाहिली आणि १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात त्याने स्वतः पाहिलेले १६३ रोगी आहेत. गुण आलेले आहेत तसे न आलेलेही आहेत. मात्रा जास्त झाली की काय होतं तेही आहे: मळमळ, उलट्या, जुलाब, चक्कर, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसणं, आणि नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरणं. म्हणजे ‘साइड इफेक्ट’ची ही यादी कारखाना निघण्याच्या कितीतरी आधीची, शुद्ध पानाची आहे. म्हातारीचा काढा घेऊनही माणसांना सपाटून उलट्या-जुलाब होतच होते. झाड विदरिंगने शोधलं नाही, ते म्हातारीकडे होतंच. त्याने शोधली ती मात्रा, आणि कुठे थांबायचं ती खूण.

पण पानाची एक अडचण त्यालाही सुटली नाही. पानाचा जोर ऋतूप्रमाणे बदलतो. फुलोऱ्याच्या वेळचीच पानं घ्या, असं तो बजावतो ते त्यासाठीच. १९३० मध्ये सिडनी स्मिथ या रसायनज्ञाने डिजिटॅलिसच्या दुसऱ्या एका जातीच्या पानांतून डिजॉक्सिन वेगळं काढलं. तेव्हापासून चिमटीभर चुऱ्याच्या जागी ठरावीक वजन आलं. कारखान्याने इथे काय केलं? पानातलं द्रव्य मोजता येईल असं केलं. बाकी ते द्रव्य पूर्वी होतं तेच आहे, आणि तितकंच धारदार आहे. रक्तात मिलिलिटरमागे साधारण ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम ही उपयोगाची पातळी. २ च्या वर गेलं की विषबाधेचा धोका. इतक्या चिंचोळ्या पट्ट्यात चालवायची औषधं फार थोडी आहेत. आपल्याकडे पुष्कळ डॉक्टर ही गोळी आठवड्यातून पाचच दिवस देतात, शनिवार-रविवार सुट्टी. रोग्याला वाटतं, पोटाला आराम म्हणून. खरं तर मूत्रपिंडाला ती बाहेर टाकायला वेळ लागतो आणि साठून पातळी चढू नये, म्हणून ही काटकसर.

याच जातीचं विष आपल्या कुंपणांना पिवळी फुलं घेऊन उभं आहे. बिट्टी, पिवळी कण्हेर. तिच्या बियांमधली द्रव्यं हृदयावर डिजॉक्सिनसारखीच चालतात. श्रीलंकेत या बियांच्या विषबाधेचा मोठा प्रश्न आहे, आणि डिजॉक्सिनच्या विषबाधेवर दिली जाणारी प्रतिपिंडंच तिथे उतारा म्हणून लागू पडतात, हे २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत दिसलं. विष झाडावरून आलं की पाकिटातून, याची चौकशी हृदय करत नाही. बचनागाची गोष्ट निराळी सांगायला नको. त्याने जीवघेणे ठोके सुरू होतात, आणि आयुर्वेदाने त्याच्या शोधनावर इतका भर दिला तो काही शोभेसाठी नव्हे. मुळात चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, विष आणि औषध यांतला फरक पदार्थात नसून योजनेत आहे असं मांडलेलं आहे. ‘झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो’ हे वाक्य आयुर्वेदाच्या नावाने खपवलं जातं, पण ते आयुर्वेदाचं नाही.

कोयनेलचंही तेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका डच व्यापाऱ्याने व्हेंकबाख या डॉक्टरला सांगितलं, की माझी धडधड मी कोयनेल घेऊन स्वतःच थांबवतो. डॉक्टरने ऐकून घेतलं, टिपून ठेवलं. १९१८ मध्ये फ्राय या डॉक्टरने, कोयनेल जिच्यातून निघतं त्या सिंकोनाच्या सालीतली द्रव्यं तुलनेने तपासली आणि त्यांतलं क्विनिडाइन सर्वांत प्रभावी ठरलं. ते कित्येक दशकं वापरात होतं, आणि काही रोगी ते घेऊन अचानक बेशुद्धही पडत होते. साल सिंकोनाची होती म्हणून हृदयाने सूट दिली नाही.

आता खुद्द अमियोडेरोन. इजिप्तमध्ये खेल्ला नावाची बडीशेपेच्या कुळातली वनस्पती मूतखड्यावर पूर्वापार घेतली जाते. कैरोत १९४० च्या दशकात अँरेप या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने ती मूतखड्यासाठी घेतली आणि त्याचं छातीतलं दुखणं थांबलं. त्या धाग्यावरून बेल्जियमच्या लाबाझ कंपनीत १९६१ च्या सुमारास अमियोडेरोन तयार झालं. तेही मुळात छातीच्या दुखण्यासाठी. ठोक्यांवरचा त्याचा गुण नंतर कळला. इथे मात्र प्रतिपक्षाला एक गोष्ट मोकळेपणाने द्यायला हवी. खेल्लाच्या रेणूवर कारागिरी करताना त्यात आयोडीन आलं, आणि औषधाच्या वजनाच्या ३७ टक्के ते आयोडीनच आहे. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम. त्यातलं सुमारे ६ मिलिग्रॅम रोज शरीरात मोकळं होतं. गरज असते ०.१५ मिलिग्रॅमची. थायरॉइड गडबडतो तो या चाळीसपट आयोडीनमुळे, आणि काही प्रमाणात औषधाच्या स्वतःच्या परिणामानेही. शिवाय ही गोळी चरबीत मुरते. निम्मी उतरायला सरासरी ५८ दिवस. आज बंद केली तरी परिणाम महिनोनमहिने अंगात असतो. म्हणून ‘मी बंद केली, काही झालं नाही’ हा चार आठवड्यांचा पुरावा पुरावाच नव्हे. डोळ्याच्या बुबुळावर बारीक कण जवळजवळ सगळ्यांनाच साठतात, पण नजर क्वचितच बिघडते. फुप्फुसांचा त्रास कमी जणांना होतो, तो मात्र जिवावर बेतू शकतो. कोरडा खोकला, चालताना नव्याने लागणारी धाप: ही लक्षणं वय झालं म्हणून अंगावर काढायची नसतात. दोन्ही दुष्परिणामच, पण एक नोंदवून ठेवायचा आणि दुसऱ्यासाठी त्याच दिवशी फोन करायचा. खोक्यातल्या कागदावर मात्र ते शेजारी शेजारी, एकाच टायपात छापलेले असतात.

उलट दिशेचं उदाहरणही आहे, आणि ते मला जास्त निर्णायक वाटतं. बीटा ब्लॉकर ही सबंध जातच प्रयोगशाळेची. जेम्स ब्लॅक याने १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल घडवलं, १९८८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. झाडाशी नातं नाही. आणि ठोक्यांच्या औषधांत त्यातल्या त्यात सौम्य मानली जाते ती हीच जात. दम्याच्या माणसाला जपून द्यावी लागते, एकदम बंद करता येत नाही, थकवा येतो, विचित्र स्वप्नं पडतात. पण अमियोडेरोनच्या यादीपुढे ही यादी काहीच नाही, आणि डिजॉक्सिनचा चिंचोळा पट्टा इथे नाही. पानातून आलेलं सर्वांत नाजूक हातांनी वापरायचं, आणि निव्वळ रसायन त्यामानाने सोशीक. उगमावरून गुणदोष ठरत असते तर हे उलट व्हायला हवं होतं.

प्रतिपक्षाचा सर्वांत जोरदार मुद्दा तो स्वतः कधी मांडत नाही, म्हणून मीच मांडतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना जादा ठोके पडतात, आणि ज्यांना पडतात ते जास्त दगावतात. तेव्हा ठोके दाबा, माणूस वाचेल. १९८० च्या दशकात हे तर्कशास्त्र डॉक्टरांना इतकं उघड वाटत होतं, की फ्लेकेनाइड, एन्केनाइड यांसारख्या गोळ्या सर्रास दिल्या जात. मग ‘कास्ट’ नावाची चाचणी झाली. १९९१ मध्ये छापून आलेला हिशेब असा: गोळी घेणारे ७५५, त्यांत सरासरी दहा महिन्यांत ६३ दगावले, खोटी गोळी घेणारे ७४३, त्यांत २६. ईसीजीवरचे जादा ठोके मात्र छान दबले होते. केमिकल माणूस मारतं, याहून ठसठशीत पुरावा कुठे मिळणार? पण तो पुरावा सापडला कसा, हेही पाहावं लागेल. निम्म्यांना खोटी गोळी दिली, कोणाला कुठली ते झाकून ठेवलं, आणि माणसं मोजली. गोळी घेऊन ‘बरं वाटतंय’ म्हणणाऱ्यांच्या साक्षी तेव्हाही ढीगभर होत्या. अर्जुनसादड्याच्या बाजूने आज मांडल्या जातात त्या बहुतेक याच जातीच्या साक्षी आहेत.

या समजुतीने होणारं खरं नुकसान काढा पिण्यात नाही. काढा औषधांत धरला जात नाही, नुकसान त्यात आहे. माझ्या एका मावशीला लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेलेला, झडप आकसलेली, ठोके कायमचे अनियमित. डिजॉक्सिन, रक्त पातळ करायची गोळी आणि लघवीची गोळी अशी तिची वर्षानुवर्षांची घडी. एका हिवाळ्यात घशासाठी म्हणून तिने ज्येष्ठमधाचा घट्ट काढा सुरू केला, सकाळ-संध्याकाळ, आणि तो महिनाभर तरी चालला. मग अन्नावरची वासना गेली. पित्त म्हणून लिंबू-सरबत झालं. मग एके दिवशी म्हणाली, ट्यूबलाइट पिवळी का लावलीत? दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही चालू आहे का? ती म्हणाली, छे, काही नाही. ती खोटं बोलत नव्हती. काढा म्हणजे काही औषध नव्हे, असंच तिला आयुष्यभर सांगितलं गेलं होतं.

ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरातलं पोटॅशियम लघवीवाटे जातं. लघवीची गोळी आधीच तेच करत होती. डिजॉक्सिन पेशीवर ज्या जागी चिकटतं तिथे पोटॅशियम त्याला आडकाठी करत असतं. पोटॅशियम घटलं की तीच मात्रा जास्त चिकटते. गोळी नेहमीचीच होती, विष मात्र चढलं. पोटॅशियम भरून काढलं, डिजॉक्सिन काही दिवस थांबवलं आणि ट्यूबलाइट पुन्हा पांढरी झाली. घरात मात्र बराच काळ चर्चा चालली ती ‘त्या डॉक्टरी गोळीने मावशीला कसं बाधलं’ याचीच.

डॉक्टरांची बाजू मी पूर्ण घेणार नाही. ‘आणखी काही चालू आहे का’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘काढा, चूर्ण, आसव, कोणाच्या सांगण्यावरून काही?’ असं विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. काही डॉक्टर दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रत्येक तक्रार मनाची ठरवतात. त्यांच्या हाताशी २००३ चा एक इटालियन अभ्यास असतो. ९६ पुरुषांना अ‍ॅटेनोलॉल दिलं. गोळी कुठली ते माहीत नसलेल्या ३२ पैकी एकाला लैंगिक अडचण आली, गोळीचं नाव सांगितलेल्या ३२ पैकी ५ जणांना, आणि नावासोबत हा दुष्परिणामही सांगितलेल्या ३२ पैकी १० जणांना. अभ्यास विचार करायला लावणारा आहे. पण अ‍ॅटेनोलॉलबद्दलचा निष्कर्ष अमियोडेरोनवर चिकटवून, धाप लागलेल्या माणसाला ‘नेटवर वाचत जाऊ नका’ म्हणून परत पाठवणं हे शास्त्र नव्हे. अशा माणसाची पुढची पायरी काढेवाल्याच्या दारातच असते.

आता खर्चाचा आक्षेप. अमियोडेरोन घेणाऱ्याने दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृत तपासावं, अधूनमधून ईसीजी काढावा, सुरुवातीला छातीचा एक्स-रे करून ठेवावा. गोळी स्वस्त, तपासण्या महाग, आणि त्यासाठी तालुक्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. पण ती झाडपाल्याच्या खात्यात जमा करता येत नाही. लघवीची गोळी आणि ज्येष्ठमध एकत्र घेणाऱ्यालाही पोटॅशियम तपासून घ्यावंच लागेल. फरक इतकाच, की अमियोडेरोनच्या चिठ्ठीवर तपासणीची तारीख लिहिलेली असते आणि काढ्याच्या पुडीवर नसते.