नागलीची भाकरी आणि तिच्यावरची चटणी

पावसाळा सरल्यावर मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळला गेलात, तर डोंगरउतारावरची वरकस शेते पिवळ्या फुलांनी भरलेली दिसतात. ही खुरासणी. देशावर हिलाच कारळे म्हणतात. तिथल्या एका घरी आम्हांला नागलीची भाकरी वाढली. तिच्यावर चटणी होती, भाजलेली खुरासणी, लाल मिरची, लसूण आणि मीठ कुटून केलेली. भाकरीवर आणखी काय चालते, असे विचारल्यावर घरच्या आजी म्हणाल्या, "सुकट असली तर सुकट. नाहीतर हीच. ही आमची पहिल्यापासूनची."

पहिल्यापासूनची म्हणजे केव्हापासूनची? या एका घासाचा इतिहास तपासून पाहू.

मिरचीचा पुरावा सर्वांत स्पष्ट आहे. तिच्या वंशातल्या साऱ्या जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला तेव्हा त्याला मसाल्याची मिरी हवी होती, मिळाली मिरची. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला आले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि सोळाव्या शतकात त्यांच्या जहाजांबरोबर मिरची आपल्याकडे उतरली. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी महाराष्ट्रात कोणाच्याही ताटात मिरची नव्हती! तिखटपणा होता तो मिरी, पिंपळी, आले आणि मोहरी यांचा. नव्या फळाला आपण नावही जुन्याच ओळखीवरून दिले. संस्कृतात 'मरिच' म्हणजे काळी मिरी. मिरीचा वेल दमट मलबारातला, त्यामुळे आपल्या डोंगरकपारीत मिरी विकतच घ्यावी लागणार. मिरची मात्र परसात उगवते. गरिबाघरी ती इतकी पक्की रुजली याचे कारण आमच्या मते हेच.

खुरासणीचे नाव फसवे आहे. खुरासान इराणकडे, पण या पिकाचे रानटी भाऊबंद सापडतात ते इथिओपियाच्या पठारावर. तिथे तिला 'नूग' म्हणतात आणि आजही तिचे तेल खातात. नागलीही पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातलीच; काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली. भाकरी आणि चटणी या दोघी माहेरच्या शेजारणी निघाल्या! मिरची त्यांच्या घरात फार उशिरा आलेली सून.

सुकट डहाणू-वसईच्या किनाऱ्यावरून आठवडे बाजारात येते. चिमूटभर सुकटीने अख्खी भाकरी रुचकर लागते. अशा चवीमागचे ग्लुटामेट १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळातून वेगळे केले. जपानचा विषय निघालाच आहे तर सांगतो, सुशीवर सोया सॉस आणि वासाबी हीच 'खरी' परंपरा असे सांगितले जाते. पण जुनी सुशी म्हणजे खारवलेला मासा महिनोन् महिने भातात मुरवून ठेवणे. खायचा तो मासा, आंबलेला भात बहुधा टाकूनच देत. हाताने दाबलेली, ताज्या मासळीची सुशी एदो शहरात रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात.

तेव्हा 'पहिल्यापासून' हा शब्द सैल आहे. पण आजींची चटणी मात्र पोकळ नाही. नागलीत कॅल्शियम भरपूर असले तरी स्निग्धांश जेमतेम एक-दीड टक्का. खुरासणीच्या दाण्यात तो ३० ते ४० टक्के. पिष्टाच्या एका ग्रॅममधून ४ किलोकॅलरी मिळतात, स्निग्धाच्या ग्रॅममधून ९. लहान मुलाच्या पोटात भाकरी मावून मावून किती मावणार? जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे बालमृत्यू १९९२-९३ मध्ये साऱ्या राज्याला हादरवून गेले, त्या मुलुखात हा हिशेब क्षुल्लक नाही. अ जीवनसत्त्व अंगी लागायलाही थोडे तेल लागतेच. खुरासणीचा पेरा सोडून तेलाची पिशवी आणायची, तर त्यासाठी हातात रोख पैसा हवा.

वर्गात एक प्रयोग करता येईल. चमचाभर खुरासणी आणि चमचाभर नागली वेगवेगळी कुटून कोऱ्या कागदांवर दाबून ठेवा. थोड्या वेळाने भुकटी झटकून कागद उजेडासमोर धरा. एकच कागद पारदर्शक झालेला दिसेल. मग मुलांना घरी विचारून यायला सांगा, आजीच्या लहानपणी किती खुरासणी पेरत होते आणि आता किती पेरतात.